शेवटच्या फेरीत उरलेला हॉकीपटू

रियाधला आल्यावर पहिली अकरा वर्षं मी कधीकाळी हॉकी खेळायचे हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि माझं त्यात काही अडत नव्हतं. मी एका विमा कंपनीत क्लेम तपासते. लोकांनी सांगितलेलं आणि प्रत्यक्षात घडलेलं यांतलं अंतर मोजायचं, एवढंच माझं काम. पण एका गेट-टुगेदरला नवऱ्याला कौतुकाची उबळ आली. "हिला साधी समजू नका, विद्यापीठाची गोलकीपर होती," असं तो बोलून गेला, आणि समोर बसलेल्या मालकांच्या हातातली बाकरवडी तशीच हवेत राहिली.

मालक म्हणजे माझे नव्हेत. मूळचे साताऱ्याचे, तरुणपणी दम्मामच्या बंदरावर कारकुनी करायला आले आणि आता स्वतःचे ट्रेलर चालवतात, म्हणून सगळेच त्यांना मालक म्हणतात. मनाने मोठे आणि आवाजाने त्याहून मोठे. भारतीयांच्या हौशी हॉकी लीगमध्ये त्यांनी नुकतीच एक टीम घेतली होती. हॉकीत नक्की किती गोल झाले की जिंकतात, इथपासून त्यांची तयारी होती.

"वहिनी," ते म्हणाले, "आजपासून तुम्ही आमच्या टॅलेंट स्काउट."

"मला वेळ कुठे आहे?"

"तुम्ही फक्त बसायचं. बाकी सगळं सायंटिफिक आहे."

ते सायंटिफिक म्हणजे बँकेत रिस्कचं काम बघणारे आमच्यातलेच एक गृहस्थ. त्यांना आपण रिस्कवाले म्हणू. त्यांनी आयुष्यात हॉकीची स्टिक धरली नव्हती, पण एक्सेल शीट अशी केली होती की बघणाऱ्याने हात जोडावेत. प्रत्येक खेळाडूपुढे फिटनेस, अॅटिट्यूड, कम्युनिकेशन, लीडरशिप आणि कमिटमेंट असे रकाने, आणि शेवटी हिरव्या-पिवळ्या-लाल रंगात एकूण गुण. चेंडू थांबवता येतो का, हा रकाना नव्हता. मी विचारलं तेव्हा ते समजुतीने हसले. "वहिनी, ते स्किल झालं. स्किल शिकवता येतं. अॅटिट्यूड शिकवता येत नाही."

खेळाडू निवडायचा कार्यक्रम अल मलाझमधल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये होता, शुक्रवारी दुपारी, बिर्याणीनंतर. आठ टीम, आठ मालक, आळीपाळीने एकेक नाव उचलायचं. खेळाडू कुणीच हजर नव्हते, फक्त त्यांचे फोटो आणि फॉर्म. थोडक्यात, मुलीला न बोलावता केलेला बघण्याचा कार्यक्रम. पोहेसुद्धा बघणाऱ्यांनीच खायचे.

पहिल्या फेरीत आम्ही एका आयटी आर्किटेक्टला उचललं. एकूण गुण हिरवेगार. त्याच्याकडे परदेशातून मागवलेल्या दोन स्टिक होत्या आणि फॉर्मवर त्याने आपल्या लीडरशिपबद्दल अर्धं पान लिहिलं होतं. पुढे मैदानावर कळलं, की त्याचं मुख्य कौशल्य 'युअर बॉल' असं ओरडणं हे आहे.

फॉर्म चाळताना मला एक हाताने लिहिलेला फॉर्म दिसला. मोबाइलवर फोटो काढून पाठवलेला, एका कोपऱ्यात अंगठ्याची सावली. वय चोवीस. गाव कोल्हापूरकडचं. व्यवसाय: स्कॅफोल्डर, म्हणजे इमारतींना पाइपांची परांची बांधणारा. राहायला अल सुलैच्या गोदामांमागे कंपनीच्या कॅम्पमध्ये. अनुभवापुढे लिहिलं होतं: 'कॉलेज व युनिव्हर्सिटी, तीन वर्षं, ड्रॅग फ्लिक.'

त्या दोन शब्दांवर मी थांबले. पेनल्टी कॉर्नर मिळाला की चेंडू स्टिकवर ओढून घेत गोफणीसारखा गोलात फेकतात, त्याला ड्रॅग फ्लिक म्हणतात. गोलकीपरला घाम फोडणारी चीज. हौशी माणूस आपल्या फॉर्मवर हे लिहीत नाही. तो 'आक्रमक खेळाडू' वगैरे लिहितो.

"याला घ्या," मी दुसऱ्या फेरीत म्हणाले.

रिस्कवाल्यांनी शीट वर सरकवली. "कम्युनिकेशन दोन आहे, वहिनी. आउट ऑफ टेन."

"त्याला भाषण करायचं नाहीये."

"टीम गेम आहे ना पण. डेटा काय म्हणतो ते बघू या."

हे कम्युनिकेशनचे गुण त्यांनी फोनवर बोलून दिले होते. फोन केला तेव्हा तो सातव्या मजल्याच्या उंचीवर पाइपावर उभा होता आणि 'नंतर करा' एवढंच म्हणाला होता. हे मला पुढे त्याच्याकडूनच कळलं. तिसऱ्या फेरीत मी पुन्हा म्हणाले, चौथ्यात पुन्हा. पाचव्या फेरीला मी म्हणणं सोडलं आणि पुढ्यातलं गोड खाऊन घेतलं. शेवटच्या फेरीत आमचा नंबर सगळ्यांत शेवटी होता, आणि यादीत एकच नाव उरलं होतं. म्हणजे त्याला आम्ही निवडलाही नाही. तो उरला.

"चला, कोटा भरला," मालक म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितला.

त्यात एक गंमत अशी, की आमच्या लीगमध्ये पेनल्टी कॉर्नर नव्हताच. फुटबॉलचं भाड्याचं, नकली गवताचं छोटं टर्फ, एका बाजूला पाच-पाच जण, आणि चेंडू उंच उडून कुणाचे दात पडू नयेत म्हणून तो नियम काढलेला. ज्या एका गोष्टीसाठी त्या मुलाने तीन वर्षं मनगटं झिजवली होती, तिला इथे जागाच नव्हती.

पहिला सराव शुक्रवारी सकाळी सहाला. रियाधचा हिवाळा, तोंडातून वाफ निघत होती. आर्किटेक्ट गुडघ्यापर्यंत मोजे चढवून स्ट्रेचिंगचे फोटो काढून घेत होता. मुलगा कंपनीच्या पिकअपमधून उतरला, उसनी स्टिक घेऊन, कामाच्याच ट्रॅकपँटमध्ये. मला बघून त्याने मान लववली. "नमस्कार मॅडम."

मी मान हलवली आणि खुर्चीवर बसले. गोलकीपरची सवय अशी, की तो चेंडूकडे नंतर बघतो, आधी समोरच्याच्या खांद्याकडे बघतो. कुणीतरी एक चेंडू त्याच्याकडे जोरात मारला. बाकीच्यांच्या स्टिकवर आपटून तो टणकन चार फूट उडत होता. याच्या स्टिकला लागला आणि तिथेच मेला. आवाजसुद्धा आला नाही. खांदे जागचे हलले नाहीत. मी नवऱ्याला म्हणाले, "बघितलंस?" तो म्हणाला, "काय?"

तेच तर. कुणालाच काही दिसलं नव्हतं. रिस्कवाले टॅबलेट घेऊन नोंद करत होते आणि सराव संपल्यावर त्यांनी निकाल सांगितला: मुलाचे निम्म्याहून जास्त पास चुकीचे.

"चुकीचे नाहीत," मी म्हणाले. "तो जिथे माणूस असायला हवा तिथे पास देतोय. माणूस तिथे पोचत नाही."

"म्हणजे शेवटी पास चुकलाच ना?"

वरण खाली सांडलं तर दोष ओगराळ्याचा, ताट कुणी ओढलं ते शीटमध्ये येत नाही.

दोन सामने आम्ही हरलो. तिसऱ्यात आर्किटेक्टची कंबर धरली आणि नाइलाजाने मुलाला पूर्ण वेळ खेळवलं. तो सामना आम्ही जिंकलो. पुढचा जिंकलो. त्याच्या पुढचा असा जिंकलो, की समोरच्या भोपाळच्या टीममधले जुनेजाणते लोक सामना संपल्यावर त्याच्या पाठीवर थाप मारायला आले. मालकांना तोवर कळून चुकलं होतं, की पहिल्या नजरेत हिरा ओळखणं ही देणगी असते आणि ती त्यांना आहे.

"मी त्या दिवशीच म्हटलं होतं," ते सगळ्यांना सांगू लागले, "शेवटपर्यंत थांबा, शेवटी खरा माल येतो."

रिस्कवाल्यांनी शीटमध्ये एक नवा रकाना टाकला: 'हिडन पोटेन्शियल'. त्यात मुलाला दहापैकी दहा.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण मग मालकांना कुणीतरी दम्मामच्या एका स्पर्धेबद्दल सांगितलं. तिथे म्हणे भारतातून एक मोठे गृहस्थ येणार होते, व्यावसायिक क्लबांशी त्यांची उठबस होती. मालकांच्या डोक्यात चक्र फिरलं. आपल्या टीमचा मुलगा, प्रोफेशनल लीगमध्ये, टीव्हीवर, आणि खाली पट्टीवर कदाचित आपलं नाव. त्यांनी मुलाला घरी जेवायला बोलावलं, मटण खाऊ घातलं आणि सांगितलं, "नोकरीचं खलास कर आता. फायनल एक्झिटचं, कायमचं भारतात परत जायचं पत्र लिही. तू पाइप बांधायला जन्माला आला नाहीस."

आणि मला फोन आला. "वहिनी, त्या साहेबांना द्यायला एक रिपोर्ट पाहिजे. मुलाचं प्रोफेशनल पोटेन्शियल. तुम्ही एक्सपर्ट आहात."

तीन महिन्यांत पहिल्यांदाच मी एक्सपर्ट झाले होते.

मी चार सामन्यांचे मोबाइलवरचे व्हिडिओ परत परत बघितले. क्लेम तपासतात तसेच. हात उत्तम, नजर त्याहून उत्तम, डोकं शांत. पण उजव्या पायावर भार देऊन डावीकडे वळताना तो प्रत्येक वेळी एक छोटं पाऊल जास्त घेत होता. आमच्या लीगमध्ये त्या एका पावलाने काही बिघडत नाही, कारण समोरचा बचावपटू तोवर दम खात उभा असतो. खऱ्या मैदानावर, खऱ्या वेगात, त्या पावलाएवढ्या वेळात चेंडू गेलेला असतो. गुडघ्यात काहीतरी जुनं होतं. शिवाय दोन वर्षं मैदान सुटलेलं, खांदे पाइप वाहून जड झालेले. इथल्या सगळ्यांपेक्षा तो फार वर होता आणि व्यावसायिक हॉकीच्या थोडा खाली. ते 'थोडं' भरून निघणारं नव्हतं.

मी तसं लिहिलं. दोन पानं, सरळ मराठीत, चांगलं आधी आणि वाईट नंतर.

मालकांनी वाचून फोन केला. "वहिनी, जरा पॉझिटिव्ह लिहा की. आपला मराठी पोरगा आहे. आपणच आपल्या माणसाचे पाय ओढायचे?"

"पाय ओढत नाहीये. गुडघा बघतेय."

"तुमचं कसं आहे माहितीये का, क्लेम रिजेक्ट करून करून तुमचा स्वभावच तसा झालाय."

हे मला लागलं, खोटं कशाला सांगू. नवराही म्हणाला, "लिही ना दोन ओळी चांगल्या. तुझं काय जातं?"

माझं काय गेलं होतं ते मला माहीत होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी राज्याच्या निवड चाचणीला मी गेले होते. निवड समितीतले एक गृहस्थ उसाचा रस पीत बसले होते. त्यांनी माझे तीन बचाव बघितले आणि माझ्या नावापुढे दोन शब्द लिहिले: 'उंची कमी'. मला ते दिसले. मी दोन दिवस रडले असते आणि उठले असते. पण आमचे कोच फार प्रेमळ होते. ते म्हणाले, "असल्या लोकांकडे लक्ष देऊ नकोस, दुसरी यादी लागते, तुझ्यासारखी गोलकीपर नाही त्यांच्याकडे." त्या दुसऱ्या यादीची वाट बघत मी बँकेची परीक्षा सोडली, पुढच्या शिक्षणाचा फॉर्म सोडला आणि अख्खं वर्ष रोज सकाळी एकटी मैदानात पॅड बांधत राहिले. दुसरी यादी लागली नाही. कधी लागणारच नव्हती. त्या रसवाल्या गृहस्थाने माझे दोनच दिवस खाल्ले असते, वर्ष खाल्लं ते सरांच्या प्रेमाने. सर गेले तेव्हा मी खूप रडले, पण हा हिशेब माझ्या मनात तसाच आहे.

म्हणून मी रिपोर्टमधला शब्दही बदलला नाही. मालकांनी मग तो बाजूला ठेवला आणि रिस्कवाल्यांकडून दुसरा करून घेतला. त्यात आलेख होते.

दम्मामला जायला दोन गाड्या निघाल्या. पुढे मालक आणि टीम, मागे आमची गाडी. मी चालवत होते, शेजारी नवरा घोरत होता, मागच्या सीटवर मुलगा, मांडीवर किटबॅग. त्यांच्या गाडीत जागा उरली नव्हती, म्हणून तो आमच्याकडे आला होता. दोन तास सपाट वाळू बघून झाल्यावर मी एका पेट्रोल पंपावर थांबले. नवऱ्याला झोपू दिलं आणि आम्ही दोघं चहाचे कागदी कप घेऊन गाडीच्या सावलीत उभे राहिलो.

"पत्र दिलंस का कंपनीत?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम. बॅगेत हाय. रविवारी हापिस उघडलं की देणार."

"गुडघ्याला काय झालं होतं?"

त्याचा हात नकळत गुडघ्याकडे गेला. मग म्हणाला, "कुणी सांगितलं?"

"तूच. रोज सांगतोस, डावीकडे वळताना."

त्याने चहाचा कप टाकून दिला. "थर्ड इयरला एकानं वरनं येऊन पाडला. दवाखान्यात म्हणाले, ऑपरेशन पायजे. घरात कुणाला सांगितलं न्हाई. पट्टा बांधून खेळलो वर्षभर."

"मग तुला माहीत आहे."

"माहीत हाय."

"माहीत असून पत्र लिहिलंस?"

"सगळीच म्हणाय लागली, मॅडम. मालक म्हणत्यात, ते टॅबवालं सर म्हणत्यात, कॅम्पमधली पोरं म्हणत्यात. रोज ऐकलं की मग मला बी वाटाय लागलं, की असंल."

मी त्याला रिपोर्टमध्ये होतं ते सगळं सांगितलं. हातांबद्दल सांगितलं, नजरेबद्दल सांगितलं आणि जमणार नाही हेही सांगितलं. आवाज मऊ केला नाही. तो ऐकत होता तोवर ठीक होता. मग एकदम म्हणाला, "तुम्ही बी त्यातल्याच. वर बसून लिव्हायचं. पाइपावर चढून बघितलंय का कधी? आठ-आठ तास? जरा वर जायला मिळतंय तर..." पुढचं त्याने गिळलं आणि गाडीत जाऊन बसला. दार त्याने जोरात आपटलं. नवऱ्याने उठून विचारलं, "काय झालं?" तेव्हा आम्ही दोघांनी एकदम "काही नाही" म्हटलं.

दुपारच्या सामन्यात तो असा खेळला, की मी खुर्चीतून उभी राहिले. राग होता त्यात. त्याचे पाच गोल झाले आणि त्यातल्या एकालाही त्याने हात वर केला नाही. वळायचं पाऊल मात्र तेच होतं, तेवढंच जास्त. मी पाहू नये म्हटलं तरी दिसत होतं.

पांढरा शर्ट घातलेले ते मोठे गृहस्थ पहिल्या रांगेत बसले होते. मालक त्यांच्या कानाशी लागून पूर्ण वेळ हिंदीत वर्णन करत होते. सामना संपल्यावर मालकांनी मुलाला पुढे ढकललं, रिस्कवाल्यांनी आलेखांची फाइल पुढे केली. गृहस्थांनी मुलाशी प्रेमाने हात मिळवला आणि मालकांना विचारलं, "लड़का अच्छा है जी. लेकिन ये बताइए, आपके ग्राउंड पे ये वाला टर्फ क्यों नहीं डलवाते?"

ते टर्फ विकत होते. क्लबांशी उठबस होती ती खरीच, सगळ्या क्लबांना त्यांनीच गवत घातलं होतं. बॅगेतून त्यांनी हिरव्या गवताचे तीन तुकडे काढून टेबलावर मांडले आणि कोणत्या जातीचं किती टिकतं ते सांगायला लागले. मालकांनी एक तुकडा बोटाने चाचपून बघितला. माणूस मोठा, म्हणून काहीतरी बोलायला हवं. ते म्हणाले, "क्वालिटी चांगली आहे." रिस्कवाल्यांनी फाइल हळूच काखेत घेतली.

मला हसू आवरलं असतं तर बरं झालं असतं. आवरलं नाही. मुलगा माझ्याकडे बघत होता, आणि तो हसत नव्हता.

परत येताना तो मालकांच्या गाडीतून गेला. पत्र त्याने दिलं नाही, एवढं मला कॅम्पमधल्या एकाकडून कळलं. लीगचे उरलेले सामने त्याने खेळून दिले, मला 'नमस्कार मॅडम' म्हणणं मात्र बंद केलं. मालकांनी दम्मामची गोष्ट पुन्हा काढली नाही. वर्षभराने नवी निवड झाली, तेव्हा गेल्या हंगामाच्या डेटावरून शीटने त्याला सर्वांत वर नेऊन बसवलं आणि मालकांनी पहिल्या फेरीत पहिलंच नाव त्याचं उचललं. टाळ्या पडल्या. तो दोन महिन्यांपूर्वीच तबूककडच्या साइटवर बदलून गेला होता. कुणी त्याला फोन करून विचारलं नव्हतं. मला माहीत होतं. पण त्या हंगामात मी स्काउट नव्हते, नुसती बिर्याणी खायला गेले होते.

त्याचा फोन गेल्या रमजानात आला. अनोळखी नंबर होता. "मॅडम, मी," म्हणाला, आणि आवाज मी ओळखला. स्कॅफोल्डिंग तपासनीसाची परीक्षा तो पास झाला होता. आता स्वतः चढत नाही, दुसऱ्याने बांधलेलं बघून सही करतो. "सही केली की वर माणसं चढत्यात. लई जपून करावी लागती," तो म्हणाला. मी अभिनंदन केलं. मग तो म्हणाला, "तो रिपोर्ट हाय का तुमच्याकडं? तुम्ही लिव्हलेला. पाठवा की."

मी पाठवला. अर्ध्या तासाने पुन्हा फोन.

"एक चूक हाय यात," तो म्हणाला.

"कुठली?"

"डावीकडं मी स्लो न्हवतो."

"होतास."

"न्हाई मॅडम. ते टर्फ घसरत होतं."

"चारही सामन्यांत?"

"चारी बी."

"व्हिडिओ आहेत माझ्याकडे."

"पाठवा," तो म्हणाला. मी एक व्हिडिओ काढला, त्यानेही लावला, आणि तो तबूककडे, मी रियाधमध्ये, फोन कानाला लावून एकेका वळणावर थांबवत आम्ही भांडत बसलो. पहिल्या वळणाला तो म्हणाला घसरलं. दुसऱ्याला म्हणाला समोरचा मध्ये आला. तिसऱ्या वळणाला 'घसर...' एवढंच म्हणाला.

"मागं घ्या जरा," मग म्हणाला. "परत एकदा लावा."